विजेची मोटार आणि आमचे शेजारी

एखादी नवी वस्तू गावात आली म्हणजे तिच्याविषयी मत नाही, असा मनुष्य सापडणे कठीण. ज्याने ती विकत घेतली तो तिची स्तुती करितो. ज्यास ती परवडत नाही तो तिचे दोष काढितो. आणि ज्याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही, तो या दोघांचे कोठे चुकते हे सांगण्यास पुढे सरसावतो. विजेच्या मोटारीची आज आमच्या उपनगरांत हीच स्थिती झालेली आहे. मुलुंडच्या मंडईत, घाटकोपरच्या पुलावर मेट्रोच्या रांगेत, अंधेरीच्या फलाटावर, बोरिवलीच्या रिक्षातळावर हा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही. या नाना मतांचा थोडा शोध घेण्याचा प्रसंग गेल्या वर्षी आमच्यावर आला. त्या शोधात जे आढळले, ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या वडीलमंडळींपुढे ठेवावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विजेवर चालणारे वाहन ही आमच्या मुंबईस मुळीच नवलाची वस्तू नव्हे. घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या ट्रामगाड्या या शहरात १९०७ साली धावू लागल्या, आणि त्या १९६४ सालापर्यंत धावत होत्या. सह्याद्रीच्या माथ्यावर साठविलेल्या पाण्यापासून खोपोलीस १९१५ साली वीज निघू लागली व ती मुंबईच्या गिरण्यांस मिळाली. त्यानंतर दहा वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, बोरीबंदराहून कुर्ल्यास विजेची आगगाडी गेली. हिंदुस्थानातील ती पहिली. जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेकडील मार्गावर कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. ज्या बोरिवलीस, अंधेरीस वा मुलुंडास पूर्वी शेते, वाड्या व ताडाची बने होती, तेथे आज लक्षावधी लोक राहतात, ते या विजेच्या गाडीच्या आधारावर. आमची उपनगरे ही एका अर्थी विजेच्या वाहनाचीच लेकरे होत. अंधेरी व घाटकोपर यांस जोडणारी मेट्रो २०१४ साली आली, तीही त्याच कुळातली. मग आगगाडी विजेची चालते म्हणून कोणी भीत नाही, आणि मोटार विजेची म्हटली की मात्र सभा भरते, याचे कारण काय?

कारण एका शब्दात सांगावयाचे तर बॅटरी. आगगाडी आपली वीज बरोबर घेऊन जात नाही. डोक्यावरच्या तारेतून ती लागेल तेव्हा लागेल तितकी घेते. यजमानाच्या घरी जेवणाऱ्या पाहुण्याप्रमाणे तिला शिधा बांधून न्यावा लागत नाही. मुंबईने १९६२ पासून १९७१ पर्यंत रस्त्यावरही तारेखाली चालणाऱ्या ट्रॉलीबस चालवून पाहिल्या. पण गल्लीबोळांतून, दारोदारी तारा ओढणे शक्य नाही. मोटारीस आपली शिदोरी स्वतः वाहावी लागते, आणि विजेची शिदोरी फार जड असते. एक किलो पेट्रोल जाळले असता सुमारे बारा युनिटांइतकी उष्णता निघते. एक किलो वजनाच्या बॅटरीत, तिच्या पेटीचे वजन धरून, एक युनिटाचा सहावा-सातवा हिस्सा मावतो. म्हणजे वजनास वजन धरले तर पेट्रोल ऐंशीपट सरस. हा डोंगराएवढा फरक कसा भरून निघतो? तर पेट्रोलच्या इंजिनात चार भागांपैकी तीन भाग उष्णता वाया जाते, आणि विजेचे यंत्र आपल्या शिदोरीतील फारच थोडा भाग वाया घालविते. उरलेला फरक बॅटरी मोठी करून भरावा लागतो. बॅटरी मोठी केली की किंमत वाढते, वजन वाढते, चार्जिंगचा वेळ वाढतो. विजेच्या मोटारीविषयीच्या बहुतेक तक्रारींचा उगम या एका अडचणीत आहे.

ही अडचण आजची नव्हे. शिशाची पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समध्ये गॅस्टन प्लँटे यांनी १८५९ साली तयार केली. तिच्या जोरावर कामिल जेनात्झी या बेल्जियन गृहस्थांनी १८९९ साली विजेची मोटार ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने हाकली. तोपर्यंत रस्त्यावरील कोणत्याही मोटारीने तो वेग गाठलेला नव्हता. त्या काळी पेट्रोलची मोटार सुरू करण्यास दांडा फिरवून हात मोडून घ्यावा लागे. पुढे अमेरिकेत १९१२ साली कॅडिलॅक मोटारीस कळ दाबून सुरू होणारी सोय आली, पेट्रोल स्वस्त झाले, आणि विजेची मोटार मागे पडली. ती पुन्हा पुढे आली ती लिथियम-आयन बॅटरीमुळे. ही बॅटरी बाजारात प्रथम १९९१ साली जपानातून आली, आणि तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील गुडइनफ यांचे वय त्या वेळी ९७ वर्षांचे होते. परीक्षेत एकदा कमी गुण पडले म्हणून खचून जाणाऱ्या आमच्या बालमित्रांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता आमच्यावर हा शोध घेण्याचा प्रसंग कसा आला ते सांगतो. आम्ही मुलुंडास ज्या गृहनिर्माण संस्थेत राहतो, तेथील एका तरुण सभासदाने विजेची मोटार घेतली व आपल्या जागेवर चार्जिंगची सोय करून मिळावी असा अर्ज दिला. इमारत चाळीस वर्षांची. तिच्या तारा ज्या काळी घातल्या त्या काळी घरात पंखा, दिवे व फार तर एक फ्रिज असे. वार्षिक सभेत या अर्जावरून मोठी वादावादी झाली. कोणी म्हणाले, आग लागेल. कोणी म्हणाले, एकाच्या हौसेसाठी सर्वांनी खर्च का सोसावा. कोणी म्हणाले, आज यास नकार दिला तर उद्या आपल्याच मुलास नकार मिळेल. शेवटी निर्णय दोन महिने पुढे ढकलण्यात आला, आणि तोवर माहिती गोळा करण्याचे काम आमच्याकडे सोपविण्यात आले. आम्ही वहीपेन्सिल घेऊन शेजारीपाजारी, स्नेहीसोबती व रस्त्यावर भेटेल त्यास विचारावयास लागलो.

जी मते ऐकली त्यांचा सारांश असा. घाटकोपरचे एक कापडव्यापारी म्हणाले, “मोटार उत्तम, पण आठ वर्षांनी बॅटरी संपली म्हणजे ती भंगारात घालावयाची की काय?” अंधेरीच्या एका भगिनीने विचारले, “२६ जुलैसारखे पाणी भरले तर गाडीत बसलेल्यास विजेचा धक्का बसणार नाही का?” आमच्याच इमारतीतील एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, “वीज शेवटी कोळशाचीच ना? मग धूर आपल्या दारातून काढून दुसऱ्याच्या दारात सोडण्यात कसले पुण्य?” एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यास मात्र शंका मुळीच नव्हती. वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै २०२५ मध्ये टेस्ला या अमेरिकन कंपनीचे हिंदुस्थानातील पहिले दालन उघडले, ते पाहण्यास तो मित्रांसह जाऊन आला होता, आणि जगाचा प्रश्न सुटला असे त्यास वाटत होते. त्या मोटारीची किंमत साठ लाखांच्या घरात आहे, हे त्यास आठवण करून दिले तेव्हा तो हसला.

या शंकांपैकी एकही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. यास्तव एकेकीचा विचार करू.

बॅटरीच्या आयुष्याविषयी म्हणावयाचे तर ती एके दिवशी एकाएकी मरत नाही. वापरागणिक तिची साठवण हळूहळू घटते. मोटारींच्या बॅटरीस आठ वर्षे अथवा एक लाख साठ हजार किलोमीटर यांची हमी देण्याची चाल आता पडली आहे. किंमतही उतरत आहे. एका युनिटाच्या साठवणीस २०१० साली हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. २०२४ साली तो सव्वाशे डॉलरांच्याही खाली आला. तथापि मोटारीच्या एकूण किमतीचा मोठा हिस्सा अद्याप बॅटरीचाच असतो, आणि जुन्या मोटारीस भाव काय येईल हे विकणाऱ्यास व घेणाऱ्यास दोघांसही नीट कळत नाही. हिंदुस्थानात २०२४ साली विकल्या गेलेल्या दर शंभर मोटारींत विजेच्या जेमतेम दोन-अडीच होत्या. तेव्हा आमचे व्यापारी स्नेही एकटेच सावध नाहीत. वापरून झालेल्या बॅटरीतील धातू परत मिळविण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी कारखानदारांवर टाकली आहे. ती नीट पार पडली तर जुनी बॅटरी कचरा न राहता एक प्रकारची खाणच होईल.

पाण्याची भीती आमच्या भागास साहजिकच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तो दिवस ज्याने पाहिला तो विसरणे शक्य नाही. परंतु चांगल्या मोटारींच्या बॅटरीची पेटी एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाऊ नये, अशा कसोटीस उतरलेली असते. आणि दोष आढळताच वीज आपोआप तुटावी अशी योजना तीत असते. म्हणून पुरात मोटार घालावी असे नव्हे. पुराच्या पाण्यात कोणतीच मोटार घालू नये; त्या दिवशी बुडालेल्या पेट्रोलच्या मोटारींची गणती कोणी केली आहे?

आगीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०२२ साली विजेच्या स्कूटरींस आगी लागल्याच्या वार्ता देशभरातून आल्या. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या वसईत, रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरीच्या बॅटरीचा स्फोट होऊन एक सात वर्षांचा बालक दगावला. जून महिन्यात वसईतच एका विजेच्या मोटारीनेही पेट घेतला होता. या घटनांनंतर सरकारने बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या व त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. पेट्रोलच्या मोटारीही जळतात, हे खरे. परंतु पेट्रोलचा डबा उशाशी घेऊन कोणी निजत नाही. बॅटरी मात्र घरात, बिछान्याजवळ, रात्रभर भरीत ठेवण्याचा प्रसंग पुष्कळांवर येतो. तो कोणावर येतो, याचा विचार आम्ही पुढे करणार आहोत. कारण आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे.

त्यापूर्वी ही वस्तू तयार कशी होते ते पाहू. मोटारी बनविणे हा आमच्या उपनगरांचा जुना व्यवसाय. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची ती ओळखीची पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघे. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. कांदिवलीस महिंद्रांचा कारखाना आहे. विजेची मोटार हिंदुस्थानात प्रथम मोठ्या धडाडीने केली ती बंगळूरच्या चेतन मैनी यांनी. त्यांची रेवा ही इवलीशी मोटार २००१ साली विक्रीस आली व पुढे २०१० साली ती कंपनी महिंद्रांनी घेतली. आज महिंद्रांच्या विजेच्या मोटारी चाकणला होतात, आणि बजाजांची चेतक स्कूटर विजेची होऊन २०२० साली पुन्हा बाजारात आली. तेव्हा सांगाडा, चाके, विजेचे यंत्र, रंग हे सर्व आम्हांस येते. अडते ते बॅटरीच्या पोटातील घटांपाशी.

हे घट मुख्यत्वे चीनमधून येतात. लिथियम ऑस्ट्रेलियाच्या खाणींतून व चिलीच्या खाऱ्या मैदानांतून निघते, परंतु ते शुद्ध करण्याचा धंदा बहुतांशी चीनच्या हाती आहे. कोबाल्ट हा धातू अर्ध्याहून पुष्कळ अधिक एकट्या काँगो देशातून येतो, आणि तेथील काही खाणींत तुमच्याहून लहान मुले हातांनी माती उपशीत असल्याचे आढळलेले आहे. हे वाचून ज्यास काहीच वाटणार नाही, त्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल. लोह व फॉस्फेट यांची जी बॅटरी निघाली आहे, तीत कोबाल्ट नसतो व ती उष्णताही अधिक सोसते. वजनास मात्र जड पडते. हिंदुस्थान सरकारने घटांचे कारखाने येथे निघावेत म्हणून २०२१ साली १८,१०० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. जम्मूच्या रियासी जिल्ह्यात लिथियम असल्याचे फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. परंतु भूगर्भात धातू असणे आणि तो बॅटरीत असणे या दोहोंत बराच काळ, पैसा व विद्या यांचे अंतर आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटारीच्या यंत्रास लागणाऱ्या विशिष्ट लोहचुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा पुण्याकडील कारखानदारांच्याही तोंडचे पाणी पळाले. अरबांच्या तेलातून सुटून दुसऱ्याच्या धातूंत अडकलो, तर ते आगीतून फुफाट्यात पडल्यासारखेच होईल. म्हणून घट येथे करण्याची विद्या हा पुढील पिढीचा, म्हणजे तुमचा, अभ्यासाचा विषय आहे.

आता निवृत्त गृहस्थांचा कोळशाचा प्रश्न. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. देशातील विजेचे चार भाग केले तर त्यांतील सुमारे तीन कोळशापासून होतात. उपनगरांस वीज देणारे डहाणूचे ५०० मेगावॅटचे केंद्र कोळशाचेच आहे. मग लाभ आहे की नाही? त्रैराशिकाने पाहू. शंभर किलोमीटर जाण्यास विजेच्या मोटारीस सुमारे पंधरा युनिटे लागतात. एका युनिटामागे आपल्या देशात सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू निघतो. तारांतील गळती धरली तर शंभर किलोमीटरांस बारा किलो झाला. पेट्रोलची मोटार एका लिटरात पंधरा किलोमीटर जाते असे धरल्यास, आणि तेल शुद्ध करण्याचा व वाहून आणण्याचा खर्च मिळविल्यास, तोच आकडा अठरा किलो येतो. शंभर किलोमीटरांस सहा किलोंची बचत झाली. परंतु मोटार एक किलोमीटर चालण्यापूर्वीच तिची बॅटरी तयार करताना कर्बवायू निघालेला असतो. तीस युनिटांच्या बॅटरीस युनिटामागे ऐंशी किलो धरले तर चोवीसशे किलोंचे कर्ज प्रथम डोक्यावर आले. सहा-सहा किलोंनी हे कर्ज फिटण्यास मोटारीस चाळीस हजार किलोमीटर चालावे लागेल. हे आकडे अंदाजाचे आहेत. कोळसा कमी होऊन सूर्याची व वाऱ्याची वीज वाढेल तसे ते सुधारतील. तथापि त्यांतून निघणारा बोध सहसा बदलणार नाही.

तो बोध असा. जो मनुष्य मोटार केवळ रविवारी बाहेर काढितो व वर्षात पाच हजार किलोमीटर हिंडतो, त्याचे हे कर्ज फिटण्यास आठ वर्षे लागतील. जी टॅक्सी दिवसास सव्वाशे-दीडशे किलोमीटर चालते, तिचे कर्ज वर्षाच्या आत फिटेल. विजेची मोटार उभी राहून पुण्य करीत नाही. ती चालेल तेव्हाच तिचा उपयोग. मग जो सर्वांहून अधिक चालतो, त्याच्या हाती ती प्रथम गेली पाहिजे, हे उघड आहे. बसगाडी दिवसभर चालते व एका वेळी पन्नास माणसे नेते. रिक्षा सकाळपासून रात्रीपर्यंत चालते. घरोघरी डबे व पार्सले पोचविणाऱ्या मुलांच्या स्कूटरी तर क्षणभर उभ्या राहत नाहीत. हे खरे अधिकारी.

बेस्टने विजेच्या बसगाड्या २०१७ सालापासून घेण्यास आरंभ केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेची दुमजली बस रस्त्यावर आली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात डिझेलच्या जुन्या दुमजली बसगाड्यांनी मुंबईचा निरोप घेतला. या नव्या गाड्या शांत, थंड व बिनधुराच्या आहेत; परंतु बेस्टचा एकूण ताफा पूर्वीहून लहान झाला आहे, व थांब्यावरची रांग लांब झाली आहे. उलट २०२५ च्या राज्याच्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या मोटारींचा पथकर माफ केला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील काय, याचा विचार तज्ज्ञांनी करावा असे सांगितले, तेही योग्यच झाले. आम्ही मोटारवाल्यांच्या सवलतीचा हेवा करीत नाही. पण बसच्या रांगेत उभ्या असलेल्या मनुष्याचाही हिशेब कोणी तरी मांडावा, एवढेच आमचे म्हणणे.

बोरिवलीस एका रिक्षावाल्याशी आमचे बराच वेळ बोलणे झाले. आम्ही विचारले, “दादा, विजेची रिक्षा का घेत नाही?” तो म्हणाला, “साहेब, घ्यायला माझी ना नाही. गॅसच्या पंपावर रोज तास-दीड तास रांगेत जातो, तो वाचेल. खर्चही निम्म्यावर येईल. पण मी राहतो चाळीत. रिक्षा लावतो रस्त्याच्या कडेला. तिथे वीज कोण देणार? आणि दुपारी चार्जिंगला उभी केली तर त्या दिवसाचा हप्ता कोण देणार?” यास उत्तर आमच्या वहीत नव्हते. आमच्या संस्थेत रोज भाजी व किराणा आणून देणारा एक मुलगा आहे. त्याची स्कूटर विजेची, तीही दिवसाच्या भाड्याने घेतलेली. त्याने एकदा आमच्या पहारेकऱ्यापाशी विनंती केली की, पावसात अर्धा तास येथल्या प्लगवर बॅटरी लावू द्या. नियमात बसत नाही म्हणून त्यास नकार मिळाला. तो आपली बॅटरी काढून खांद्यावर घेऊन घरी नेतो आणि दहा बाय दहाच्या खोलीत, जेथे पाच माणसे निजतात, तेथे रात्रभर लावून ठेवितो. वसईच्या त्या बालकाची गोष्ट त्यासही ठाऊक आहे. “काय करणार काका,” असे म्हणून तो जिना चढून गेला.

पुढील सभेत आम्ही आपला अहवाल वाचला. विजेच्या जाणकाराकडून इमारतीच्या तारा व भार तपासून घ्यावा. अर्जदाराने स्वतःच्या खर्चाने वेगळा मीटर व योग्य संरक्षक उपकरणे बसवावीत. आणि कोणीही घराच्या आत वाहनाची बॅटरी लावू नये, अशा तीन सूचना केल्या. त्या फारशी चर्चा न होता संमत झाल्या, व आज ती मोटार खाली उभी राहून निमूटपणे वीज पिते. इमारतीस काहीही झालेले नाही. आमची चौथी सूचना अशी होती की, फाटकालगतच्या मोकळ्या जागी, भिंतीपासून दूर, पत्र्याच्या छपराखाली, पैसे घेऊन चालणारा एक सामायिक प्लग असावा, आणि तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या कामकरी मंडळींस आपली बॅटरी लावता यावी. या सूचनेवर मात्र दीड तास वाद झाला. परक्या माणसांची वर्दळ वाढेल, हा मुख्य आक्षेप. सूचना दोन मतांनी पडली.

आम्ही त्या दोन मतांस दोष देत नाही. ती माणसे आमचे शेजारी आहेत व सुखदुःखात धावून येणारी आहेत. परंतु त्या रात्री एक गोष्ट स्पष्ट झाली. विजेच्या वाहनाविषयी लोकमत प्रतिकूल आहे असे जे म्हणतात, ते पुरते खरे नव्हे. लोकांची शंका यंत्राविषयी असते तोवर ती माहितीने दूर होते; आगीची भीती घेऊन आलेले गृहस्थ कसोट्यांची माहिती ऐकून शांत झाले व त्यांनी अनुकूल मत दिले. पण प्रश्न जेव्हा असा येतो की ही सोय कोणास मिळावी, तेव्हा माहिती पुरी पडत नाही. तेथे मन मोठे करावे लागते. विजेच्या वाहनाची ज्यास सर्वांहून अधिक गरज, आणि ज्याच्या हातून त्याचा सर्वांहून अधिक उपयोग व्हावयाचा, त्याच्यापाशीच ते निर्धोकपणे भरण्यास जागा नाही. बॅटरीची रसायने सुधारतील, कारखाने निघतील, भाव उतरतील. ही कामे शास्त्रज्ञ व कारखानदार करितील. फाटकालगतचा एक प्लग मात्र कोणताही शास्त्रज्ञ आम्हांस देऊ शकणार नाही. तो आम्हीच एकमेकांस द्यावयाचा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील पुष्कळांचे वडील रिक्षा, टॅक्सी वा बस चालवितात, पुष्कळांचे कारखान्यात वा कचेरीत जातात, आणि काहींच्या घरी विजेची मोटार आलेलीही असेल. या सुटीत एक काम करा. आपल्या घरचे वाहन वर्षात किती किलोमीटर चालते ते विचारा, आणि वर दिलेल्या त्रैराशिकात तो आकडा घालून पाहा. मग आपल्या इमारतीत, चाळीत वा वाडीत चार्जिंगची जागा कोठे होऊ शकेल, ती घरापासून व जिन्यापासून दूर आहे काय, आणि तेथे कोणकोणास येता येईल, याचे एक टिपण करून वडीलमंडळींपुढे ठेवा. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे म्हणतात. पण करण्यापूर्वी मोजावे, हेही त्यास जोडावयास हवे. आमच्या संस्थेची पुढील वार्षिक सभा येत्या सप्टेंबरात आहे, आणि ती चौथी सूचना आम्ही पुन्हा मांडणार आहोत. दोन मतांचाच प्रश्न आहे.